बांधावरचा दगड



‘त्यानं मोजणी आणली’ हे वाक्य गावाकडे कसं उच्चारलं जातं, ते तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. ‘त्यानं पोलीस आणले’ म्हणताना जो सूर लागतो, साधारण तोच. शेजाऱ्यानं मोजणीचा अर्ज दिला म्हणजे त्यानं आपल्याला चोर ठरवलं, असं धरून चालतात. मग एकमेकांच्या विहिरीचं पाणी बंद होतं, लग्नाच्या पत्रिका बंद होतात, पोरांचं बोलणंही बंद होतं. मी स्वतः असा एक अर्ज दिला होता, 2017 साली. त्यामुळे आज जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं ऐकीव नाही, आमच्या घरातलं आहे.

या मोजणीला सरकारी भाषेत ‘हद्द कायम मोजणी’ म्हणतात. मोजण्या अनेक प्रकारच्या असतात. भावाभावांत वाटणी झाली की पोटहिश्शाची मोजणी, जमीन बिनशेती करायची तर त्यासाठीची, रस्त्याला किंवा धरणाला जमीन गेली तर संपादनाची. हद्द कायम मोजणी या सगळ्यांहून वेगळी. तिच्यात नवी रेघ ओढायची नसते. जुन्या माणसांनी, जुन्या साखळीनं एकदा मोजून कागदावर लिहून ठेवलेली जी हद्द आहे, तीच शोधायची आणि पुन्हा जमिनीवर दाखवून द्यायची. बी.ए.ला मराठी घेतलेला मी माणूस, शब्द दिसला की थांबतो. ‘हद्द’ हा अरबीतून आलेला शब्द, ‘कायम’ हाही अरबीतला, आणि ‘मोजणी’ आपली मराठी. कचेरीच्या त्या छापील अर्जावर हे तीन शब्द शेजारी शेजारी नांदताना पाहून मला बरं वाटलं होतं. त्या दिवसात बरं वाटावं असं दुसरं काही नव्हतं.

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं, सीना नदीच्या काठचं. घर मुलाण्याचं. गटाचा आकार एक हेक्टर बारा आर, म्हणजे पावणेतीन एकरांच्या थोडं वर. काळी जमीन, रब्बीची ज्वारी, कडेला तूर. आमच्या वरच्या अंगाला तात्यांचं शेत. जमिनीचा उतार तात्यांकडून आमच्याकडे. दोन्ही शेतांच्या मधे सहाशे फूट लांबीचा एक बांध, आणि त्या बांधाच्या पायथ्याला, आमच्या अंगाला, अब्बांनी लावलेलं लिंबाचं झाड. कडुलिंब. दुपारी दोन्ही घरच्या भाकरी त्याच झाडाखाली सुटायच्या. तात्यांच्या घरचं पिठलं आणि आमच्या घरचा खर्डा असा सौदा रोजचाच. तात्या अब्बांना ‘भाई’ म्हणायचे, अब्बा त्यांना ‘पाटील’ म्हणायचे, जरी ते पाटील नव्हते.

अब्बांची एक सवय होती. नांगर बांधाजवळ आला की ते हातभर आधीच बैल वळवायचे. तेवढी पट्टी पडीक राहायची. मी लहानपणी विचारलं होतं, एवढी जमीन वाया का घालवता? ते म्हणाले, ‘बेटा, दुसऱ्याची वीतभर जमीन ज्यानं दाबली, त्याच्या गळ्यात कयामतच्या दिवशी सात थरांच्या जमिनीचं ओझं पडतं. माझी हातभर गेली तर चालेल.’ आमच्याकडे ही शिकवण घराघरात सांगितली जाते. आणि आपल्या मराठी मुलखात बांध कोरणाऱ्याला पुढच्या जन्मी काय व्हावं लागतं, तेही गावोगावी सांगतात. बांध कोरणं हे पाप आहे यावर सगळ्यांचं एकमत दिसतं, आणि तरीही बांध दरवर्षी बारीक होतच असतात.

अब्बा 2009 मध्ये गेले. शेत धाकट्या भावाकडे आलं, कारण मी नोकरीच्या पाठीमागं शहरात आलेला. 2016 च्या उन्हाळ्यात तात्यांच्या मुलानं ते लिंबाचं झाड तोडलं. त्याच्या शेतावर सावली पडते, असं त्याचं म्हणणं. ‘आमच्या बापानं आमच्या जमिनीत लावलेलं झाड’ असं भावाचं म्हणणं. शब्दाला शब्द वाढला, काठी उगारली गेली, दोघंही पोलीस ठाण्यात जाऊन आले. मला फोन आला. मी गावी गेलो तेव्हा पारावर कुणीतरी म्हणत होतं, ‘मुलाण्यानंच आधी बांध कोरलाय, म्हणून झाड त्यांच्याकडं दिसतंय.’ मुलाण्यानं म्हणजे अब्बांनी. भावाला झाडाचा राग होता. मला हे वाक्य लागलं. कागदानंच या माणसांची तोंडं बंद करावीत म्हणून मी मोजणीचा अर्ज दिला. अब्बांनी बांध कोरला नाही एवढंच मला सिद्ध करायचं होतं, आणि ते सिद्ध होणारच याची मला खात्री होती.

अर्ज द्यायचा तो तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात. सोबत चालू सातबारा, मोजणीची फी आणि लगतच्या सगळ्या शेतकऱ्यांची नावं-पत्ते. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण त्या सगळ्यांना आगाऊ नोटीस जाते. शेजाऱ्याच्या पाठीमागं मोजणी होऊ शकत नाही. तेव्हा साधी, तातडीची आणि अतितातडीची असे प्रकार होते, आता नियमित आणि द्रुतगती असे दोन आहेत. आमचा नंबर यायला काही महिने गेले. त्या महिन्यांत मी तालुक्याला फेऱ्या मारता मारता बरंच काही वाचलं, विचारलं. त्यातलं थोडं तुम्हाला सांगतो.

जमीन मोजणं आपल्याकडे काही इंग्रजांनी आणलं नाही. मलिक अंबरनं दख्खनमध्ये जमीन महसुलाची घडी बसवली, ती पुढे त्याच्याच नावानं ओळखली गेली. शिवाजी महाराजांच्या काळात अण्णाजी दत्तोंनी केलेल्या मोजणीत काठी पाच हात आणि पाच मुठींची होती. अशा वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद जमिनीचा एक बिघा, आणि एकशेवीस बिघ्यांचा एक चावर. पण प्रत्येक शेताची आकृती, तिच्या बाजू आणि आकडे कागदावर उतरवून कायमचे जपून ठेवण्याचं काम मुंबई इलाख्यात इंग्रजी अमलात झालं. आधी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं केलेला प्रयत्न फसला. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी नव्यानं सुरुवात केली, आणि त्यांची पहिली जमाबंदी 1836 साली इंदापूर तालुक्यात लागू झाली. म्हणजे आमच्यापासून फार लांब नाही. एक बैलजोडी जेवढी जमीन कसू शकेल, साधारण तेवढ्याचा एक सर्व्हे नंबर करायचा, हा त्यांचा हिशेब. 1847 मध्ये या पद्धतीचे नियम पक्के झाले आणि गावोगाव साखळ्या फिरू लागल्या.

ती साखळी तेहतीस फुटांची. तिचे भाग सोळा, आणि प्रत्येक भागाला नाव ‘आणा’. रुपयाचे आणे सोळा, तसेच साखळीचेही सोळा. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, एक हजार एकोणनव्वद चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. आज ज्या गुंठ्यासाठी शहराच्या कडेला लाखांचे व्यवहार होतात, तो त्या लोखंडी साखळीच्या लांबीतून निघालेला आहे. रुपयाचे आणे जाऊन साठ वर्षांहून जास्त काळ झाला. पण जुन्या जमिनीच्या कागदावर आणे अजून जिवंत आहेत, आणि मोजणीदाराला ते वाचता यावेच लागतात.

ज्या कागदावर ते आहेत त्याला टिपण म्हणतात. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा निराश झालो. हातानं काढलेली एक वेडीवाकडी आकृती, मध्ये एक आडवी रेघ, तिच्यापासून दोन्ही बाजूंना काढलेल्या आखूड रेघा, आणि प्रत्येक रेघेवर आकडे. मी विचारलं, हा नकाशा तर प्रमाणात नाही? कार्यालयातले एक ज्येष्ठ कर्मचारी हसले. म्हणाले, ‘टिपणात आकार बघायचा नसतो, आकडे वाचायचे असतात. आकृती चुकीची दिसली तरी आकडे बरोबर आहेत.’ त्या आकड्यांवरून क्षेत्राचा गुणाकार केलेलं पुस्तक वेगळं, वाटण्या झाल्या तर फाळणीचे कागद वेगळे, आणि आकार व क्षेत्राचा ताळेबंद म्हणजे आकारबंद वेगळा. पुढे 1947 च्या कायद्यानं तुकडे जोडून गट पाडले गेले, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. त्या वेळी जुन्या आणि नव्या कागदांचा मेळ नीट बसला नाही, ही तक्रार आजही गावोगाव ऐकू येते. आमच्या नशिबानं आमचा मेळ बसत होता.

पण कागद एकटा काही सांगू शकत नाही. टिपणावरची रेघ जमिनीवर उतरवायची तर सुरुवात कुठून करायची? त्यासाठी जमिनीवर एखादी न हललेली खूण लागते. जुन्या मोजणीत शेतांच्या कोपऱ्यांवर दगड पुरलेले असत. दोन-तीन शेतांचे कोपरे जिथं मिळतात तिथला दगड सगळ्यांत मोलाचा. कायद्यानं हे दगड सांभाळायची जबाबदारी शेतकऱ्यावरच टाकली आहे, आणि ते मुद्दाम हलवणं हा दंडाचा गुन्हा आहे. पण किती जणांना आपल्या शेताचा दगड माहीत आहे?

पूर्वी हे माहीत असलेली माणसं गावात असत. गावाच्या शिवेची खडान्खडा माहिती वतनदार महारांना असे. दोन गावांत शिवेचा तंटा झाला तर त्यांचा शब्द प्रमाण मानला जाई. शपथ घेऊन, डोक्यावर माती घेऊन माणूस शीव चालून दाखवी आणि तो चालेल ती शीव ठरे, अशीही रीत होती. ज्यांना गावकुसाच्या आत जागा दिली नाही, त्यांच्याच पावलांवर गावानं आपली हद्द सोपवली होती. हा विचार मनात आला की मला आपल्या समाजाचं नवल वाटतं आणि लाजही वाटते.

मोजणीचा दिवस मार्चमधला. ज्वारी निघालेली, रान मोकळं. मोजणीदार तिवईवरचं प्लेन टेबल घेऊन आले. लाकडी फलक, त्यावर कागद, आणि डोळा लावून बघायची पट्टी. दगड, चुना आणि मजूर यांची तजवीज अर्जदारानं करायची असते, ती आम्ही केली होती. लगतचे शेतकरी आले होते. तात्यांचा मुलगा हाताची घडी घालून लांब उभा. माझा भाऊ त्याच्याकडे पाठ करून. मोजणीदारांनी आल्याबरोबर एकच विचारलं, ‘जुना दगड कुठंय?’

कुणालाच सांगता येईना. तरुण मंडळी बांधाकडे बोट दाखवू लागली. मोजणीदार म्हणाले, ‘बांध नको, बांध माणूस घालतो. दगड दाखवा.’ तेवढ्यात तात्यांच्या नातवानं मोटारसायकलवर बसवून तात्यांना आणलं. वय ऐंशीच्या पुढं, डोळ्याला कमी दिसायचं. ते उतरले, काठी टेकत पश्चिमेच्या कोपऱ्याकडे गेले आणि बोराटीच्या जाळीपाशी थांबले. ‘हितं खणा,’ म्हणाले. ती जागा बांधापासून आमच्या बाजूला सरकलेली होती. भावानं माझ्याकडे पाहिलं. म्हातारा आपल्या सोयीची जागा दाखवतोय, असं त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. खरं सांगतो, माझ्याही मनात तेच आलं.

मजुरांनी जाळी तोडली, हातभर खणलं आणि कुदळ दगडावर वाजली. घडवलेला, उभा पुरलेला दगड. पण मोजणीदारांनी लगेच मान्य केलं नाही, हे मला आवडलं. त्यांनी पूर्वेच्या टोकाला, तीन शेतं मिळतात तिथला दगड शोधला. तो उघडाच होता, त्याबद्दल कुणाचा वाद नव्हता. मग दोन दगडांमधलं अंतर मोजलं आणि टिपणाशी ताडून पाहिलं. टिपणावर अठरा साखळ्या. जमिनीवर पाचशे चौऱ्याण्णव फूट. म्हणजे बरोबर अठरा साखळ्या. पुढे उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या खुणांवरूनही तेच निघालं. त्यांनी आधी सगळ्यांची प्रत्यक्ष वहिवाट कागदावर घेतली होती, मग त्यावर जुन्या अभिलेखाची रेघ बसवली. पूर्वेच्या टोकाला दोन्ही रेघा एकत्र होत्या. तिथून पश्चिमेकडे त्या हळूहळू फाकत गेल्या आणि शेवटी अंतर पडलं अकरा फुटांचं. एक लांबट पाचर. क्षेत्र तीन गुंठे. हे तीन गुंठे अभिलेखाप्रमाणे तात्यांचे होते आणि आम्ही कसत होतो. लिंबाचं झाडही त्या पाचरीतच होतं.

ज्या झाडासाठी आम्ही तक्रार केली होती, ते त्यांच्या जमिनीतलं निघालं. आणि जो माणूस बांधापासून हातभर आधी बैल वळवायचा, तो आयुष्यभर शेजाऱ्याची जमीन नांगरत होता, असं कागद म्हणत होता. मी मोजणी आणली होती ती अब्बांचं नाव राखायला. मला उन्हातच बसावंसं वाटलं.

तात्यांचा मुलगा काहीतरी बोलायला पुढं झाला. तात्यांनी काठीनं त्याला थांबवलं. मग मला म्हणाले, ‘तुझ्या बापानं बांध कोरला न्हाई. ह्यो बांध त्यानं आन् मी मिळून घातलाय. दुष्काळात. रोजावर.’

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. 1972 चा दुष्काळ. मी तेव्हा तीन वर्षांचा. सरकारनं कामं काढली, त्यात बांधबंदिस्तीची कामं होती. उतारावरचं पाणी अडावं, माती वाहून जाऊ नये म्हणून समपातळीवर बांध घालायचे. समपातळीचा बांध जमिनीचा उतार बघतो, शेताची हद्द बघत नाही. पूर्वेच्या टोकाला तो हद्दीला लागून सुरू झाला आणि पुढं पातळी धरत धरत वर, तात्यांच्या रानात शिरला. तात्या आणि अब्बा एकाच टोळीत होते. एकानं माती खणायची, दुसऱ्यानं पाटीनं टाकायची. त्या दुष्काळात पोट भरायला घातलेला बांध पुढं सगळ्यांनी हद्द म्हणून धरला. जुना बारीक बांध नांगरात मोडला आणि दगडावर बोराटी उगवली.

‘तात्या, तुम्हाला दगड माहीत होता, मग पंचेचाळीस वर्षं बोलला का नाहीत?’ मी विचारलं.

‘कशापायी बोलायचं?’ ते म्हणाले. ‘बांधाच्या वरच्या अंगाला गाळ कुणाच्या रानात साचला? माझ्या. पाणी कुणाच्या रानात मुरलं? माझ्या. तुझा बाप बोलला का कधी?’

दोन शेजाऱ्यांनी कागदाला न विचारता केलेला तो हिशेब होता. तीन गुंठे इकडं, ओल तिकडं. दोघं होते तोवर तो चालला. पुढच्या पिढीला त्यातली बोलणी ठाऊक नव्हती, फक्त बांध दिसत होता.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण तसं होत नाही. भावानं तालुक्याच्या एका वकिलाचा सल्ला आणला. बारा वर्षांच्या वर ताबा आहे, सोडू नका, दावा चालवू. कायद्यात प्रतिकूल ताब्याची ती तरतूद आहे हे खरं. पण तो ताबा मालकाच्या विरोधात, त्याला कळेल असा उघड धरलेला असावा लागतो. आमचा ताबा कुणाच्या विरोधात होता? ज्यानं बांध घालताना अब्बांबरोबर पाटी उचलली, त्याच्या? मी नाही म्हणालो. भाऊ म्हणाला, ‘तू शहरात राहून कविता लिहितोस, तीन गुंठ्यांची ज्वारी माझी जाते.’ त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मोठेपणा माझा आणि नुकसान त्याचं, असा तो प्रकार होता. शेवटी माझ्या वाट्याच्या जमिनीतल्या तीन गुंठ्यांचं पीक कायमचं त्याचं, असं ठरलं. अम्मी तेव्हा होती. ती फक्त एवढंच म्हणाली, ‘तुमच्या अब्बाच्या गळ्यातलं ओझं उतरवा.’ तरी भावानं होकार द्यायला आठ महिने घेतले, आणि पुढे दोन वर्षं तो माझ्याशी कामापुरतंच बोलला.

मी तात्यांच्या घरी गेलो आणि सांगितलं, ‘तात्या, झाड तुमचं होतं. आम्ही चुकीची तक्रार केली.’ ते म्हणाले, ‘जमीन कुणाची बी आसंल. झाड भाईनं लावलं हुतं. ते तोडायला नको हुतं.’ त्यांचा मुलगा दाराआडून ऐकत होता.

कागदावर काहीच करावं लागलं नाही, ही यातली मजेची गोष्ट. ते तीन गुंठे सातबाऱ्यावर आधीपासूनच त्यांचे होते. खरेदीखत नको, फेरफार नको. नांगर फक्त सरकायचा होता. खऱ्या हद्दीवर नवे दगड पुरले. बांध मात्र कुणीच मोडला नाही, कारण तो मोडला असता तर दोघांचीही माती गेली असती. बांध आणि दगड यांच्या मधल्या पट्ट्यात तात्यांचा मुलगा आता म्हशीसाठी कडवळ करतो.

श्रोतेहो, आमच्या अनुभवातून चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. एक, शेजाऱ्यानं मोजणी आणली तर नोटीस नाकारू नका. हजर राहा, तुम्हाला माहीत असलेली खूण दाखवा, जबाब लिहून द्या. गैरहजर राहून मोजणी थांबत नाही, फक्त तुमची बाजू नोंदली जात नाही. दोन, मोजणी झाल्यावर नकाशाची ‘क’ प्रत घ्या आणि अभिलेखाची हद्द कोणती आणि वहिवाटीची कोणती, ते समजून घ्या. मोजणी चुकली असं वाटलं तर भांडू नका. वरिष्ठांकडून फेरमोजणी मागता येते, तिला निमताना मोजणी म्हणतात. तीन, मोजणीदार हद्द दाखवतो, ताबा देत नाही. हाती नकाशा आला म्हणून दुसऱ्याच्या उभ्या पिकात नांगर घालायचा अधिकार मिळत नाही. ताब्याचा वाद राहिलाच तर त्याला कायद्याची वेगळी वाट आहे. आणि चार, एकमेकांच्या जमिनी एकमेकांच्या ताब्यात बारा वर्षांहून अधिक काळ असतील, तर त्यांची अदलाबदल नाममात्र खर्चात करून देणारी ‘सलोखा’ योजना राज्य सरकारनं 2023 मध्ये आणली. मुद्रांक शुल्क हजार रुपये आणि नोंदणी फी हजार रुपये. कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा अशा वाटेची आधी चौकशी करावी.

आता मोजणीची साधनं बदलली आहेत. राज्यात सत्त्याहत्तर ठिकाणी कायमची केंद्रं उभी आहेत, ती उपग्रहांचे संदेश पकडतात, आणि मोजणीदार हातात काठीसारखं रोव्हर घेऊन उभा राहिला की काही सेंटिमीटरच्या फरकानं जागा सांगतो. दिवसभराचं काम तासाभरात होतं. चांगलंच आहे. पण ते यंत्र आपण आज कुठं उभे आहोत ते सांगतं. पूर्वीची हद्द कुठं होती, हे सांगायला अजूनही ते टिपण लागतं, तो दगड लागतो, आणि बोराटीकडे बोट दाखवणारा एखादा म्हातारा लागतो. त्यानं आपल्या फायद्याची जागा दाखवली तरी ती खरी असू शकते, हे मी त्या दिवशी शिकलो.

तात्या 2020 मध्ये गेले. त्यांच्या मातीला माझा भाऊ गेला होता, मी पोहोचू शकलो नाही. मागच्या मे महिन्यात गावी गेलो तेव्हा पश्चिमेचा दगड ट्रॅक्टरच्या मातीखाली गेलेला दिसला. भाऊ आणि तात्यांचा मुलगा खोरं घेऊन तो मोकळा करत होते. फार बोलत नव्हते. एक माती ओढत होता, दुसरा दगडाला चुना लावत होता.

पाऊस सुरू व्हायच्या आधी तुम्हीही एकदा आपल्या शेताचा दगड शोधून ठेवा. जाताना शेजाऱ्याला सोबत न्या. घरात कुणी जुनं माणूस असेल तर त्यालाही न्या, आणि ते आहे तोवर न्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)